विनंती थांबा

सकाळी साडेसहाला गगनबावडा सोडते माझी गाडी.
असळजला बयाक्का चढते,
आधी बुट्टी, मग पिशवी, मग ती,
आणि अजून एक पाय खालीच असताना म्हणते,
“मास्तर, बुट्टीचं अर्धंच लावा.”

बुट्टीत पोकळा, शेवग्याचा पाला, ओलं फडकं,
तळाला नाचणा आणि शेरभर वरणा.
साळवणला अजून दोघी येतात.
मग बालिंग्यापर्यंत
डिझेलचा वास हरतो मेथीपुढं.

मला साखर आहे.
सीपीआरमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
नाचणी खा, पालेभाजी खा.
म्हटलं, रोज तीच घेऊन येतो की कोल्हापुरात.
“खाता का?”
खात नाही. स्टँडवर दोन वडे खातो.

नाचणा जातो लक्ष्मीपुरीत,
ढिगाच्या भावानं, तोंड वर न करता.
चार दिवसांनी पाकिटात बसतो,
पाकिटावर हसरा शेतकरी,
दर वाचायला चष्मा लागतो, घ्यायला छाती.
आणि फुलेवाडीच्या जुन्या नाक्यामागच्या वस्तीसमोरून
आमची गाडी रोज जाते, चौथ्या गिअरमध्ये.
तिथल्या दुकानात दाराला लोंबतात
पाच-पाच रुपयांच्या तिखट पुड्यांच्या माळा.
भाजी म्हणजे बटाटा.
बटाट्याला मोड आलेले.

पौषातल्या एका मंगळवारी
नेमकं तिथंच मागचं चाक बसलं.
बायका खाली उतरल्या, बुट्ट्या सावलीला ठेवल्या.
रेश्मा नदाफ आली, कडेवर पोर.
“मावशी, ही भाजी विकायची हाय?”
“न्हाई. शहर दाखवायला आणलीया तिला.”
मग काय.
चाक बदलायला अर्धा तास,
बुट्टी रिकामी व्हायला वीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी बालिंगं मागं पडलं तशी
बयाक्का पुढं वाकून म्हणाली,
“मास्तर, आज पंक्चर न्हाई व्हायची?”

मी दोरी ओढली.
एक घंटी.
थांबा नव्हता तिथं. अजून नाही.

कंट्रोलर घोलकर विचारतात,
चार मिनिटं रोज कुठं सांडतात?
मी लिहितो, प्रवासी चढ-उतार.
वस्तीतल्या एकसष्ट सह्यांचा अर्ज
आगारातल्या टेबलाच्या खणात आहे.
तेरा अंगठे धरून एकसष्ट.

लगेच सगळं हिरवंगार झालं असं समजू नका.
रेश्माच्या पोरानं पहिली नाचण्याची भाकरी
भिंतीला फेकून मारली.
पुड्यांच्या माळा आहेत तिथंच आहेत.
ज्यांच्या हातात पैसा येतच नाही
त्यांची उधारी बयाक्का डोक्यात ठेवते,
आणि तिच्या डोक्यात, ती सांगते,
हल्ली बरंच विसरायला होतं.

आशाताई चौगुले वही घेऊन गाडीजवळ आल्या एकदा.
रेश्माचं रक्त पौषात साडेसात,
चैत्रात सव्वानऊ.
मी बुट्टीकडं बघून हसलो.
“गोळ्याबी चालू हायत,” त्या म्हणाल्या,
“एकट्या पोकळ्याचा सत्कार करू नका.”

काल असळजला बयाक्का नव्हती.
ताप आहे, तिची सून म्हणाली.
साळवणच्या दोघीही लग्नाला गेलेल्या.
गाडीत नुसता डिझेलचा वास.
तरी नाक्यावर हात दोरीकडं गेला.
आठ-नऊ बायका, रिकाम्या पिशव्या,
दारातून आत वाकून बघणाऱ्या.
“आज?”
सांगितलं.

दुपारच्या परतीच्या फेरीला
रेश्मा रस्त्यातच उभी, हात आडवा.
स्टीलचा डबा, वर ताटलीनं झाकलेला, सुतळीनं बांधलेला.
“तिच्याच नाचण्याची आंबील हाय. ताक घातलंय.
सांडू नका.”

डब्याचं तिकीट मशीनमध्ये नाही.
असळजपर्यंत मांडीवर धरून बसलो.
पुढच्या थांब्यांची तिकिटं
लोकांनी उठून माझ्याजवळ येऊन काढली.